झाऱ्यांच्या पोत्यातून नेपाळला

आयुष्यभर मला एकच शब्द बोलता आला : कुंई. धातू जवळ आला की कुंई, लांब गेला की गप्प. आज मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्यावर खोटेपणाचा आळ आलेला आहे आणि तो मला सहन होत नाही.

मी मेटल डिटेक्टर. जमिनीत पुरलेला धातू वरून ओळखणारं यंत्र. एक लांब दांडी, तिच्या खालच्या टोकाला ताटाएवढी गोल तबकडी, वरच्या टोकाला एक डबा, डब्यात सेल आणि एक भोंगा. एवढाच मी.

जन्म इंग्लंडातला. तिकडे लोक रविवारी मला घेऊन माळरानावर हिंडतात आणि एखादं जुनं बटण सापडलं तरी खूश होऊन घरी चहाला जातात. मीही तसाच एखाद्या शांत साहेबाच्या हातात म्हातारा झालो असतो. पण सोलापूरचे कल्लप्पाकाका तिकडच्या एका गिरणीत इंजिनिअर होते. पंचाहत्तर साली ते सुट्टीवर घरी आले आणि वडिलांसाठी भेट म्हणून मला घेऊन आले.

वडील म्हणजे रुद्रप्पा. चाटी गल्लीत त्यांचं चादरींचं दुकान. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांना खरं म्हणजे टेपरेकॉर्डर हवा होता. मला उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "ह्यात गाणी कुटं लागतात?"

"ह्यानं जमिनीतला धातू सापडतो, अप्पा," काका म्हणाले.

"सोनं?"

"सोनंसुद्धा."

झालं. काकांनी पुढे खिळे, पत्रे, नळ वगैरे बरंच काही सांगितलं, पण अप्पांचे कान 'सोनं' या शब्दाशी बंद झाले होते. त्यांच्या पत्नी चंद्रव्वा, ज्यांना घरात अव्वा म्हणत, मला निरखून म्हणाल्या, "पापड भाजायला बरं पडंल."

त्या घरात मला ओळखणारं एकच माणूस होतं. निलम्मा. अप्पांची नात. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून अप्पा-अव्वांनीच तिला वाढवलेलं. ती तेव्हा सोलापुरातच फिजिक्स घेऊन बी. एस्सी. करत होती. माझ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका तिनं एका बैठकीत वाचून काढली आणि अप्पांना समजावायला बसली. तबकडीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज फिरते, धातू जवळ आला की…

"पुस्तक कशाला पायजे," अप्पा म्हणाले, "बटण हाय की."

घरातल्या मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. इंजिनिअर मुलगा सातासमुद्रांपलीकडून यंत्र आणतो, शिकलेली नात ते कसं चालतं ते सांगते, आणि अप्पा ते यंत्र अंदाजानं चालवतात. वय झालं की अंदाज आपोआप बरोबर येतो, अशी त्यांची समजूत असावी.

पहिल्या महिन्यात अप्पांनी परस खणून काढलं. मी अगदी इमानदारीनं काम केलं. अकरा खिळे, एक बिजागरी, घोड्याचा नाल आणि अव्वांची तीन वर्षांपूर्वी हरवलेली पितळी पळी, इतका ऐवज मी काढून दिला. मग एके सकाळी मी न्हाणीघरात ओरडलो. एका रेषेत, भिंतीपासून मोरीपर्यंत.

"अप्पा, तो पाण्याचा पाइप आहे," निलम्मा म्हणाली.

"तुला काय कळतंय?"

अप्पांनी पहार घातली. पाणी छतापर्यंत उडालं. ओलेचिंब अप्पा बाहेर आले आणि नातीवरच डाफरले, "पाइप हाय तर आधी सांगायचं न्हाय?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं की या घरात माझं आणि निलम्माचं नशीब एकच आहे. दोघांनी खरं बोलायचं आणि दोघांनी बोलणी खायची.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी एकदमच आल्या. एक, निलम्मा बी. एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली आणि पुण्याच्या एका कॉलेजातून एम. एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की अमुक सोमवारी दुपारी बारापर्यंत पालकानं स्वतः येऊन सही करावी, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. दोन, संगप्पा नावाच्या यात्रा मॅनेजरनं पशुपतिनाथाची बस काढली. सोलापूर ते काठमांडू आणि परत, स्वयंपाकी आणि भांडी बरोबर.

निलम्मानं पत्र अप्पांसमोर ठेवलं. अप्पांनी चष्मा लावून ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बघू."

हा शब्द तुम्ही ऐकला असेल. 'नाही' म्हटलं तर समोरचा का म्हणून विचारतो. 'बघू' म्हटलं की विचारायलाच काही उरत नाही. निलम्मा आठ दिवस त्या 'बघू'भोवती फिरत राहिली. शेवटी अप्पांनी एवढं कबूल केलं की आधी पशुपतीचं दर्शन, मग परतताना बस पुण्यावरूनच येणार आहे, सोमवारी सकाळी तिथं तासभर थांबणार आहे, तेव्हा बघू.

"म्हणजे सही करणार?"

"तवा बघू म्हटलं की."

म्हणून निलम्मा यात्रेला निघाली. तिला देवदर्शनाची घाई नव्हती. तिला अप्पांना नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं.

आणि मला का नेलं? तर मैंदर्गीचा एक माणूस चादरी घ्यायला दुकानात आला होता. तो सांगून गेला की नेपाळात राजेरजवाड्यांनी इतकं सोनं पुरून ठेवलंय की तिथले लोक नांगर धरायला भितात. तो माणूस अक्कलकोटच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता. पण त्याचं वय सत्तर होतं, त्यामुळे अप्पांना शंका आली नाही.

अडचण एकच. मी वळकटीत मावेना. अप्पांनी मला सायकलवाल्याकडे नेलं आणि माझी दांडी निम्म्यावर कापून घेतली.

निलम्मा कॉलेजातून दाखला घेऊन आली तोवर उशीर झाला होता. "अप्पा, दांडी लांब असते ती मुद्दाम. धरणाऱ्याच्या अंगावरचा धातू तबकडीपासून लांब राहावा म्हणून."

"वाकून धरीन," अप्पा म्हणाले.

माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा त्या दोन शब्दांत आहे.

सीमेवर मी होतो स्वयंपाकी गुरप्पाच्या पोत्यात. तपासणीचं ऐकून अव्वांनीच मला तिथं कोंबलं होतं, झारे, उलथणी आणि पळ्यांच्या मधोमध. मी इतका धातू एका वेळी कधी पाहिला नव्हता. बटण बंद होतं म्हणून बरं, नाहीतर माझा भोंगाच फाटला असता. अधिकाऱ्यानं पोतं उघडलं, माझी तबकडी बाहेर ओढली आणि विचारलं, "ये क्या है?"

गुरप्पा न डगमगता म्हणाला, "बुंदी का झारा, साब."

"इसमें छेद तो हैं नहीं."

"नया है, साब."

अशा रीतीनं इंग्लंडात जन्मलेला मी झारा म्हणून नेपाळात शिरलो. दोन परदेश पाहिलेलं आमच्या घरातलं पहिलं यंत्र मीच.

काठमांडूत मात्र अप्पांना माझा उपयोग करता आला नाही. अव्वांनी पोत्यावर तांदळाची गोणी ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसल्या. "देवाच्या दारात खणायचं नाव काडू नका," त्या म्हणाल्या, आणि अप्पा बोलायला लागले तेव्हा वर कानडीत जोडलं, "सुम्मनिरी." म्हणजे गप बसा. अप्पा दोन दिवस गप बसले. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, बस परत निघाली आणि घाटातल्या एका वाडीपाशी जेवणासाठी थांबली. गुरप्पानं चूल पेटवली, पोतं रिकामं केलं, आणि अप्पांनी मला उचललं.

रस्त्याच्या खाली मक्याचं एक छोटं शेत होतं. अप्पा बांधावरून उतरले, मला चालू केलं आणि वाकले.

कुंई.

दोन पावलं पुढे गेले. वाकले. कुंई. डावीकडे, कुंई. उजवीकडे, कुंई. अख्खं शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुंई.

आता मी सांगतो ते लक्ष देऊन ऐका, कारण माझ्यावरचा आळ इथलाच आहे. हे सगळे लिंगायत लोक. इष्टलिंग, म्हणजे शिवाचं छोटं लिंग, गळ्यात घालायचं आणि ते अंगावरून कधी उतरवायचं नाही, ही त्यांची रीत. अप्पांचं इष्टलिंग चांदीच्या डबीत. डबी चांगली पेरूएवढी, लांब दोऱ्यात ओवलेली. अप्पा सरळ उभे असले की ती बंडीच्या आत पोटाशी. आणि माझ्या निम्म्या दांडीपायी अप्पा घडी घातल्यासारखे वाकले की ती लोंबकळत थेट माझ्या तबकडीवर यायची. मी ओरडायचो. ओरडणारच. मी खोटं बोलत नव्हतो. चांदी होती. फक्त ती खाली नव्हती, वर होती.

अप्पांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. ते रस्त्याकडे बघून म्हणाले, "चंद्रव्वा, ये हिकडं. सगळं शेतच सोन्याचं हाय."

पाच मिनिटांत निम्मी बस शेतात उतरली. सगळे सोलापूरचे, अक्कलकोटचे, मैंदर्गीचे, सगळे लिंगायत, आणि बहुतेकांच्या गळ्यात चांदी. प्रत्येकानं मला हातात धरून बघितलं, प्रत्येक जण वाकला आणि प्रत्येकासाठी मी ओरडलो. बसमध्ये एकमेकांशी खिडकीवरून भांडणाऱ्या माणसांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं. अप्पांनी गुरप्पाची चुलीसाठीची कुदळ घेतली आणि मका उपटायला सुरुवात केली.

निलम्मा धावत खाली आली. तिनं एकदा अप्पांना वाकताना पाहिलं, एकदा दुसऱ्या कुणाला, आणि तिला कळलं. तिला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तुम्हाला शिंकही आली नसती.

"अप्पा, खाली काही नाही. ही तुमची डबी वाजतेय."

"डबी कशी वाजंल? पन्नास वर्सं गळ्यात हाय, कदी वाजली न्हाय."

"तेव्हा हातात यंत्र नव्हतं. सरळ उभे राहून धरा बघू."

"उभं राहून हे जमिनीला टेकत न्हाय. तुलाच वाटत हुतं की दांडी कापू न्हाय, म्हणून तू आता खुसपट काडतीस."

वरून मॅनेजर संगप्पा ओरडत होता, "अप्पा, चला की आता. आज सीमा वलांडली न्हाय तर सोमवारी पुणं न्हाय, मंगळवारी बी न्हाय. मग मला म्हणू नका."

अप्पांनी संगप्पाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. "तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "आमी ऱ्हातो हितंच चार दिस."

तेवढ्यात शेताची मालकीण आली. हरिमाया तिचं नाव, पाठीवर गवताचा भारा, अंगानं बारीक आणि आवाजानं नाही. "बाजे," ती म्हणाली, म्हणजे आजोबा, "ये मकै हमारा है. क्यों उखाड़ता है?"

"मकई छोडो," अप्पा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "नीचे सोना है. तुमको भी देंगा."

निलम्माला संधी दिसली. तिनं मला उचलून हरिमायाच्या हातात दिलं. "ताई, आप झुकके पकडो."

हरिमायाच्या गळ्यात नुसती काचेच्या मण्यांची माळ होती. ती वाकली. मी गप्प. तिनं मला शेतभर फिरवलं. मी गप्प. पक्षी ऐकू यायला लागले इतका मी गप्प.

"बघा," निलम्मा म्हणाली. "हिच्या गळ्यात चांदी नाही. म्हणून आवाज नाही."

अप्पांनी थोडा विचार केला. त्यांच्या विचाराचं मला फार कौतुक वाटतं. तो कधीच सरळ रस्त्यानं जात नाही. "बरोबर हाय," ते म्हणाले. "हिच्याकडं लिंग न्हाय. हे शिवाचं धन हाय. लिंगधाऱ्यालाच लागायचं."

मागे उभ्या माणसांनी हात जोडले.

निलम्मा तडक वर गेली आणि गुरप्पाला पीठ भरल्या हातांनी खाली घेऊन आली. गुरप्पा लिंगायतच. पण त्याचं इष्टलिंग पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, चांदीचा कणही नाही. "हा तर लिंगधारी आहे ना, अप्पा?" गुरप्पा वाकला. मी गप्प.

आता काय म्हणतील? मीसुद्धा उत्सुक होतो.

"पूजा केलीस का रं आज?" अप्पांनी त्याला विचारलं.

"चुलीची घाई हुती, अप्पा. नुसता चा घेतला."

"मग कसं लागंल?" अप्पा म्हणाले आणि कुदळ उचलली.

निलम्मा बांधावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं, मला फरक कळतो. सहा दिवसांनी तिकडे पुण्यात कुणीतरी यादीतलं तिचं नाव खोडणार होतं, आणि इकडे तिचा पालक एका परक्या बाईच्या शेतात स्वतःच्या गळ्यातली चांदी खणून काढत होता. खरं सांगून झालं होतं. दोनदा सिद्ध करून झालं होतं. आता तिच्याकडे उरलं होतं ते खोटं.

ती उठली, मला उचललं आणि वाकली. तिच्याही गळ्यात छोटी चांदीची डबी होतीच. कुंई.

"अप्पा," ती म्हणाली, "धन सरकतंय."

"काय?"

"सरकतंय. बघा ना." आणि ती वाकलेलीच, कमरेत मोडल्यासारखी, बांधाकडे चालू लागली. कुंई, कुंई, कुंई. बांधावर कुंई. चढणीवर कुंई. अप्पा कुदळ टाकून तिच्यामागे, अप्पांमागे सगळी बस. "शिवाचं धन हाय, एका जागी कशाला ऱ्हाईल," कुणीतरी म्हणालंसुद्धा. निलम्मा बसच्या दाराशी पोचली, पायरीवर चढली, आणि तिथं मी जो सुटलो तो थांबेचना. बस लोखंडाची. वर लोखंड, खाली लोखंड, चहूकडे लोखंड. मी आयुष्यात इतका ओरडलो नव्हतो.

"गाडीत चडलं," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "दार लावा."

संगप्पानं दार लावलं आणि गाडी सोडली. अव्वा तेवढ्या मागे राहिल्या होत्या. धावत्या बसमध्ये त्यांना हात देऊन वर घ्यावं लागलं. त्यांनी आपल्या अंगावरची नवीकोरी सोलापुरी चादर हरिमायाच्या खांद्यावर टाकली होती, मक्याबद्दल. खिडकीतून मला दिसलं की हरिमाया चादरीवरचे मोर मोजत उभी होती.

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. अप्पा दर दोन तासांनी मला चालू करून धन अजून गाडीतच असल्याची खात्री करून घेत. बस ओरडण्यानं भरून जाई. कुणाचं मूल उठे, कुणाचा जप मोडे. परतीच्या तपासणीत धन गाडीतून उतरू नये म्हणून अप्पा दारात आडवे बसले. आणि निलम्मा खिडकीशी बसून रोज एकेक गाव मागे जाताना बघत होती आणि बोटांवर दिवस मोजत होती.

सोमवारी सकाळी साडेदहाला बस पुण्यात शिरली. कॉलेज रस्त्याच्या पलीकडेच होतं. निलम्मा कागदांची पिशवी घेऊन उभी राहिली.

"चला अप्पा."

"कुटं?"

"सहीला."

"धन सोडून?" अप्पा म्हणाले. "खुळी का काय तू? हे सगळे हितं बसल्यात. मी उतरलो की बाकडी उचकटतील."

आपणच पेरलेलं खोटं आपल्याच वाटेत आडवं आलेलं निलम्माला दिसलं. मग ती सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी खोटं बोलले, अप्पा. धन सरकलं नव्हतं. गाडीत धन नाही. गाडी लोखंडाची आहे म्हणून यंत्र ओरडतंय. शेतात तुमची डबी होती, म्हणून तिथे ओरडत होतं. मला पुण्याला यायचं होतं, म्हणून मी तुम्हाला फसवलं. आता चला. बारापर्यंतच वेळ आहे."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग लोखंडाच्या खाली असंल," ते म्हणाले.

तेव्हा अव्वा उठल्या. यात्राभर त्या सहीबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी अप्पांच्या मांडीवरून मला उचललं, बगलेत मारलं आणि दाराकडे चालू लागल्या. "मी चालले पोरीसंगं. हे बी चाललं. तुमी बसा लोखंडावर."

मी नाही तर धन गाडीत आहे की नाही हे कळणार कसं? अप्पा उतरले. रस्ताभर पुटपुटत होते, पण उतरले.

कार्यालयात एक कारकून बसला होता. तीस-बत्तिशीचा, कानात पेन, समोर लाकडी टेबल. त्यानं कागद बघितले, पालकाच्या सहीची जागा दाखवली आणि त्याची नजर अव्वांच्या बगलेकडे गेली. "हे काय आहे, आजोबा?"

अप्पांना असा श्रोता सहा दिवसांत मिळाला नव्हता. पेन तसंच बाजूला ठेवून ते सांगू लागले. मग सांगून भागेना, तेव्हा त्यांनी मला चालू केलं. उभ्यानं टेबलावर धरलं. लाकूड. मी गप्प. "आता बघा हं," म्हणत ते टेबलावर वाकले. कुंई.

कारकुनानं क्षणभर बघितलं. "आजोबा," तो म्हणाला, "तुमच्या गळ्यात काय लोंबतंय?"

"इष्टलिंग. चांदीच्या डबीत."

"मग तेच वाजतंय की."

अप्पा सरळ उभे राहिले. मी गप्प. वाकले. कुंई. सरळ. वाकले. पुन्हा एकदा. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला.

"आयला," अप्पा म्हणाले. "डबीच की."

निलम्मानं तोंड उघडलं. सहा दिवस साठलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. अव्वांनी पदराआडून तिच्या दंडाला असा चिमटा काढला की मला माझी दांडी कापल्याची आठवण झाली. "सुम्मनिरु," त्या पुटपुटल्या. "सही हू दे आधी."

अप्पा अजून कारकुनाकडेच बघत होते, कौतुकानं. "आमी एवडी माणसं, एवड्या गावची, येकाच्या ध्यानात आलं न्हाय. तुमी बसल्या जागी सांगितलं. शिक्षण कुटं झालं म्हणायचं?"

"ह्याच कॉलेजात."

"ऐकलंस?" अप्पा नातीकडे वळले. "हितं कारकून एवडे शाणे, तर मास्तर केवडे असतील. शिकायचं तर हितंच शिकायचं. उगं दुसरीकडं जायचं नाव काडू नगंस."

निलम्मानं दात इतके घट्ट आवळले की तिचा गाल थरथरत होता. ती म्हणाली, "बरं, अप्पा."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं, पेन उचललं आणि ठळक मोडीवळणाची सही केली. वर घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. निलम्मानं कागदावर फुंकर घालून शाई वाळवली, घडी घालून कारकुनाकडे दिली आणि मग ती बाहेर व्हरांड्यात गेली. तिथं ती भिंतीकडे तोंड करून हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही. मी आतच टेबलावर राहिलो होतो. तिचे खांदे मात्र हलत होते.

आता मी सोलापुरात स्वयंपाकघरात असतो. सेल काढून ट्रान्झिस्टरला घातले. दांडी उपसून अव्वांनी वळणीवरचे कपडे काढायला घेतली. तबकडी तेवढी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून असते. मांजराला माझी भीती वाटते, एवढा मान मला अजून आहे.

निलम्मा एम. एस्सी. झाली. सुट्टीत घरी आली की अप्पा तिला शंका विचारतात. दिवा का मिणमिणतोय, रेडिओ का खरखरतोय. ती समजावून सांगते. अप्पा मान डोलवत शेवटपर्यंत ऐकतात, हे खरं. मग म्हणतात, "त्या पुण्याच्या कारकुनाला एकदा इचारून घे."

लोकांना मात्र अप्पा आजही सांगतात की यंत्र खोटं निघालं, नेपाळात फसवलं. तेवढ्यासाठी मी हे बोललो. वाचकहो, मी एकदाही खोटं ओरडलो नाही. तुमच्या घरी कुणी परदेशातून माझा भाऊबंद आणला तर त्याची दांडी कापू नका, आणि तो ओरडला की कुदळ उचलण्याआधी स्वतःच्या गळ्यात बघा. घरातली पोरगी काही सांगत असेल तर तिच्याकडेही बघा. दूध उतू जातंय, मला काढून ठेवतायत. निघतो.